पालथा ग्लास

आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात बाटलीताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. पगारपत्रकावर नाव आहे, पण ते मी सोडून कोणी वाचत नाही. पाण्याचे नमुने ज्या बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत येतात, त्या धुण्याचं काम त्यांच्याकडे आहे. दिवसाला साठ बाटल्या. आधी साबण, मग आम्लाचं पाणी, मग तीन वेळा साधं पाणी, मग तासभर भट्टीत. बाहेरच्या माणसाला हे नाव ऐकून भलतीच शंका येते आणि तो डोळे मिचकावतो. ताई त्याला शांतपणे सांगतात, "हो, रोज साठ होतात. आणि तरी पावलं सरळ पडतात."

उंच, हाडापेराने मजबूत बाई. आम्लाने दोन्ही हातांच्या बोटांची टोकं पांढुरकी पडलेली. बोलणं कमी आणि बोलल्या की समोरच्याला दिवसभर पुरेल असं. पंपघरामागच्या कर्मचारी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात, एकट्याच. पूर्वी तिथे त्यांचा धाकटा भाऊही राहायचा.

मी या केंद्राच्या आस्थापना विभागात आहे. नेमणुका, बढत्या, रजा आणि शिक्षा यांचे कागद जिथे तयार होतात तो विभाग. एकतीस वर्षं झाली, पुढच्या वर्षी सुटेन. ताईंची हकिकत मला जितकी ठाऊक आहे तितकी दुसऱ्या कोणाला नसावी, कारण तिच्यातला सर्वांत वाईट कागद माझ्या टाइपरायटरवर तयार झाला आहे.

ती कळण्यासाठी आमच्याकडची एक पद्धत आधी सांगायला हवी.

दिवसातून दोनदा, सकाळी सहाला आणि अकराला, शुद्ध पाण्याच्या टाकीचा मोठा व्हॉल्व्ह उघडतात आणि पाणी शहराकडे निघतं. त्याआधी त्या पाळीच्या अधिकाऱ्याने टाकीतलं ग्लासभर पाणी स्वतः प्यायचं असतं. यंत्रं आहेत, तपासणी आहे, आकडे आहेत, तरीही प्यायचं. फार पूर्वीच्या कोण्या प्रमुखाने हा नियम घातला. जे पाणी आपण लोकांना पाजतो ते आधी आपल्या घशाखाली उतरलं पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब. प्रयोगशाळेच्या बाहेर एक लांब कठडा आहे आणि त्याच्या चाळीस पायऱ्या खाली व्हॉल्व्हचं चाक. पंपांच्या धडधडीत वरून मारलेली हाक खाली पोहोचत नाही. म्हणून अधिकारी पाणी पितो आणि रिकामा ग्लास कठड्यावर पालथा ठेवतो. खालच्या माणसाला ग्लास पालथा दिसला की तो चाक फिरवतो. ग्लास दिसला नाही तर कितीही उशीर होवो, चाकाला हात लावायचा नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी खाली चाकाशी ताईंचा धाकटा भाऊ असायचा. सत्तावीस वर्षांचा, नवीन लग्न झालेला, चाक फिरवताना शिट्टी वाजवणारा. त्याला ताईंनीच वाढवलं होतं आणि नोकरीलाही त्यांनीच चिकटवलं होतं. वर प्रयोगशाळेत सकाळच्या पाळीला एक केमिस्ट होता. त्याच्या सदऱ्याची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नसे, म्हणून सगळे त्याला इस्त्रीसाहेब म्हणत. हुशार माणूस. विद्यापीठात पहिला आलेला, इंग्रजी अहवाल एका बैठकीत लिहून मोकळा होणारा, वरिष्ठांचे वाढदिवस पाठ असलेला. त्याची नेमणूक झाली तेव्हा आमच्या प्रमुखांनी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं की असा माणूस दहा वर्षांत मिळाला नाही.

हा माणूस ग्लासातलं पाणी पीत नसे. कठड्याच्या कोपऱ्यात एक मोठी कुंडी होती. तो ग्लास घेऊन कुंडीपाशी जायचा, शहराकडे तोंड करून उभा राहायचा, हात जरा तिरका करायचा आणि परत येऊन ग्लास पालथा ठेवायचा. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी हे पाहिलं होतं. कुंडीतलं झाड इतकं फोफावलं होतं की त्यावरून विनोद व्हायचे. "केंद्रात पाण्याची चव फक्त झाडाला कळते," असं मदतनीस म्हणायचे. हसायचे आणि कामाला लागायचे. ताईही हसायच्या. हे त्यांनीच मला सांगितलं आहे, आणि सांगताना स्वतःला सूट दिलेली नाही.

एका सकाळी औषध मिसळणारं यंत्र पहाटेपासून बंद पडलं होतं आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. प्यायलेल्या कोणालाही ते कळलं असतं, कारण औषधाचा वास नसलेलं पाणी जिभेला लगेच वेगळं लागतं. झाडाला ते सांगता आलं नाही. ग्लास पालथा पडला, चाक फिरलं. दुसऱ्या दिवशी खालच्या वस्तीत उलट्या आणि जुलाब सुरू झाले. चारशेवर माणसं आजारी पडली. सहा दगावली, त्यांतली चार लहान मुलं.

चौकशी लागली. इस्त्रीसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी ग्लास ठेवलाच नव्हता. मी अजून पाणी तपासत होतो. धुणाऱ्या बाईने ग्लास धुऊन वाळत घातला असेल आणि तिच्या भावाने तो पाहून चाक फिरवलं असेल. बहीणभावाचा निष्काळजीपणा आहे."

ताई त्या वेळी आतल्या मोरीत आम्लाच्या पाण्यात हात घालून बसल्या होत्या. ग्लासाला त्यांनी हातही लावला नव्हता. पण संध्याकाळी इस्त्रीसाहेब त्यांच्या खोलीवर गेले. भाऊ तेव्हा चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर होता. साहेब दारातच उभे राहिले आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, कोणावर तरी येणारच. तू म्हणालीस की ग्लास तू वाळत घातलास, तर ती नुसती चूक ठरते. तुला ठपका, त्याला समज, आणि विषय मिटला. तू नाही म्हणालीस तर त्याने ग्लास नसतानाच चाक फिरवलं असं होईल. मग नोकरी जाईलच, वर पोलीस. मी शब्द देतो, त्याला काही होणार नाही."

दुसऱ्या दिवशी ताईंचा जबाब मी टाइप केला. सात ओळींचा. "वाचून दाखवू का?" असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काय लिहिलंय ते मला माहीत आहे." आणि सही केली. मलाही कुंडीची गोष्ट माहीत होती. मी कागद तारीखवार लावून फाइल पुढे पाठवली.

त्या सात ओळींच्या आधाराने पंधरा दिवसांत भावाला बडतर्फ केलं. ग्लास कोणी ठेवला याची खात्री न करता त्याने चाक फिरवलं, असा ठपका होता. ताईंची पगारवाढ कायमची थांबली आणि त्यांच्या फाइलीत "निष्काळजी" हा शब्द आला. इस्त्रीसाहेबांना प्रसंगावधानाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं, कारण पाणी बंद करण्याचा फोन त्यांनी केला होता.

भाऊ सामान बांधत असताना ताईंनी खरं सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "ताई, तू सही केलीस ना? तुझ्या सहीखाली काय होतं ते सगळ्यांनी वाचलं. आता तोंडी काही सांगू नकोस." बायकोला घेऊन तो दुसऱ्या गावी गेला. तिथे सिमेंटच्या गाडीवर राबला, छातीत धूळ भरली, आणि सहा वर्षांपूर्वी गेला. तेरा वर्षांत त्याने ताईंना एकही पत्र पाठवलं नाही. गेल्याचं ताईंना तीन आठवड्यांनी कळलं. त्या तिथे गेल्या तर भावजयीने दार अर्धं उघडलं आणि लावून घेतलं.

त्या दिवसापासून ताई बदलल्या. रडल्या वगैरे नाहीत. फक्त इस्त्रीसाहेब दिसले की हातातलं काम थांबवून, ते दिसेनासे होईपर्यंत त्यांच्याकडे पाहत राहायच्या. तेव्हा ते उपप्रमुख झाले होते आणि त्यांचं दालन कार्यालयाच्या इमारतीत होतं. प्रयोगशाळेच्या कठड्यावर ते वर्षानुवर्षं फिरकले नव्हते. पिण्याचं पाणी ते बाजारातून बंद बाटल्यांत मागवत. रिकाम्या बाटल्या कचऱ्यात सापडल्या की ताई त्या गोळा करून कार्यालयाच्या पायरीवर ओळीने मांडून ठेवायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "उपप्रमुखांना आपलं पाणी बाधतं का ते विचारून सांगा. म्हणजे मीही विकत घेईन."

या वर्षी प्रमुखांची जागा रिकामी झाली.

जाहिरात मी काढली, अर्जांची छाननी मी केली. शेवटच्या यादीत तीन नावं राहिली. एक शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्राचा अभियंता, बुटका आणि सतत शिंकणारा. एक नदीकाठच्या पंपांवरच्या प्रमुखबाई. आणि इस्त्रीसाहेब. शिक्षणात, अनुभवात, लिहिलेल्या शोधनिबंधांत ते बाकी दोघांच्या कोसभर पुढे होते. लोकांनी आधीच त्यांना मानाने दार उघडून द्यायला सुरुवात केली होती.

ताई दुपारी माझ्या टेबलाशी आल्या. माझ्याशी त्या तोवर कामापुरतंच बोलायच्या.

"हेडक्लार्क, खुर्चीवर कोण बसणार?"

"निवड समिती ठरवेल."

"समिती काय वाचून ठरवेल?"

"फाइली."

"आणि फाइली कोण लिहितं?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"पुसा, पुसा," त्या म्हणाल्या. "त्याच्या फाइलीत माणूस कसा आहे ते लिहायची जागा असते ना? तिथे काय आहे?"

गोपनीय असतं म्हणून मी टाळू शकलो असतो. सांगितलं. "वर्तणूक, समाधानकारक. दरवर्षी तेच."

"कोण लिहितं ते?"

खरं उत्तर असं होतं की ते मीच लिहीत आलो. आमच्याकडची चाल अशी की गोपनीय अहवालाचे कोरे कागद साहेबांकडे जाण्याआधीच वर्तणुकीच्या जागी मी सगळ्यांसाठी "समाधानकारक" टाइप करून ठेवायचो. दीडशे माणसं, दीडशे वेळा तोच शब्द. साहेबांचा वेळ वाचायचा आणि माझे कागद एकसारखे दिसायचे. अपवाद फक्त शिक्षा झालेल्यांचा.

"म्हणजे त्याला समाधानकारक तुम्ही केलंत आणि मला निष्काळजी पण तुम्हीच," ताई म्हणाल्या. "छान टाइप करता."

मग त्या म्हणाल्या, "समिती येईल त्या दिवशीचा कार्यक्रम तुम्हीच आखणार ना? त्यात एक ओळ घाला. अकरा वाजता कठड्यावर, पाणी सोडण्याआधीचा ग्लास. तिन्ही उमेदवारांना."

"ताई, ग्लास कोण देणार?"

"माझंच काम आहे ते."

माझ्या मनात जे आलं ते त्यांनी ओळखलं. "घाबरू नका. मी पाण्यात काही घालणार नाही. मला तो आजारी नको आहे. ठणठणीत हवा आहे. ठणठणीत आणि खुर्चीबाहेर."

"मग नुसता ग्लास देऊन काय होणार?"

"तो माझ्या हातचं पिणार नाही," ताई म्हणाल्या. "त्याने मला काय केलंय ते त्याला माहीत आहे. तो माझ्या जागी असता तर त्याने काय केलं असतं, तेही त्याला माहीत आहे."

त्या संध्याकाळी मी कार्यक्रम टाइप केला. अकराच्या ओळीवर दोनदा थांबलो आणि ती तशीच ठेवली. नियमात बसणारी ओळ होती. कोणी बोट ठेवलं नसतं. पण ती मी नियमासाठी घातली नव्हती, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

समितीत तिघं होते. अध्यक्षस्थानी दुसऱ्या शहराच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, कानाला यंत्र, हातात काठी, प्रश्न आखूड. सकाळी मुलाखती झाल्या. दारापलीकडे बसून मी ऐकत होतो. शिंकणारा अभियंता दोन आकडे चुकला. पंपांवरच्या बाईंनी एका प्रश्नाला "माहीत नाही, बघून सांगते," असं उत्तर दिलं. इस्त्रीसाहेब पाण्यासारखे वाहत होते. बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापासून ही टेबलं जरा हलवू या," ते म्हणाले. "तुमचं टेबल खिडकीपासून लांब हवं, उजेड डोळ्यांवर येतो." मी मान हलवली.

अकराला दहा कमी असताना सगळे कठड्यावर पोहोचले. ऊन चांगलं तापलं होतं. पंप धडधडत होते. खाली चाकाशी आताचा व्हॉल्व्हमन मान वर करून उभा होता. ताई स्वच्छ पांढरा अंगरखा घालून ट्रे घेऊन आल्या. तीन ग्लास, तिन्ही सारखे, सगळ्यांसमोर टाकीच्या नळावर भरलेले.

इस्त्रीसाहेबांनी ताईंना पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त ते अध्यक्षबाईंच्या दुसऱ्या बाजूला गेले.

पहिला ग्लास अभियंत्याने घेतला, घोटभर तोंडात फिरवला, गिळला आणि शिंकला. "औषध किंचित जास्त आहे," तो म्हणाला. "पण बरं आहे." उरलेलंही प्याला. दुसरा ग्लास पंपांवरच्या बाईंनी एका दमात संपवला आणि म्हणाल्या, "तहानच लागली होती." दोन्ही रिकामे ग्लास ट्रेमध्ये परत आले.

"तिसरे तुम्ही," अध्यक्षबाई इस्त्रीसाहेबांना म्हणाल्या. "केंद्र तुमचं आहे, तेव्हा खालच्या माणसाला खूणही तुम्हीच करा."

ताईंनी ट्रे पुढे केला. "घ्या साहेब. ग्लास मीच धुतलाय. निष्काळजी बाईने."

हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की ते फक्त साहेबांना आणि शेजारी उभ्या असलेल्या मला ऐकू गेलं. साहेबांनी ग्लास उचलला. बोलायला लागले. गढूळपणाचं प्रमाण किती, ते गेल्या पाच वर्षांत कसं कमी केलं, कुठल्या परिषदेत त्यावर निबंध वाचला. बोलत बोलत ते कठड्याच्या कोपऱ्याकडे चालू लागले. शहराच्या दिशेने हात करून नव्या टाकीची जागा दाखवली. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. त्यांचा दुसरा हात किंचित तिरका झाला. इतक्या वर्षांत त्या हाताचं वळण मोडलं नव्हतं. मग ते परत आले, ओठांवरून रुमाल फिरवला, "उत्तम," म्हणाले आणि ग्लास कठड्यावर पालथा ठेवला.

खाली चाक फिरलं. मोठ्या नळातून पाण्याचा लोंढा सुटल्याचा आवाज आला. पायाखालची फरशी थरथरली.

अध्यक्षबाई शहराकडे बघत नव्हत्या. त्यांना एका कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे भाषण सुरू झालं तेव्हाच त्यांनी लक्ष काढून घेतलं होतं, आणि त्यांची नजर हातांवर होती. काठी टेकत त्या कुंडीपाशी गेल्या. काठीचं टोक मातीत खुपसलं. ते ओलं निघालं.

"तुम्ही प्यायलात?"

"हो, म्हणजे अर्थातच."

"पाणी तर चांगलं आहे. या दोघांनी प्यायलं. मग तुम्ही का नाही प्यायलात?"

साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्या उन्हात तो कोणालाही आला असता. पण त्यांनी ताईंकडे पाहिलं आणि त्यांचा तोल गेला.

"ही बाई," ते म्हणाले. "हिच्या हातचं मी कसं पिणार? ही माझ्यावर टपून बसली आहे. सूड घ्यायला."

"कशाचा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. ताई ट्रे धरून उभ्या होत्या. मला वाटलं होतं की त्या आता बोलतील, एकोणीस वर्षांचं सगळं ओततील. त्या एवढंच म्हणाल्या, "झाड उद्यापर्यंत सुकलं तर मला पकडा. नाही सुकलं तर यांना विचारा."

आणि माझ्याकडे वळून बघितलं. म्हणजे पाळी माझी होती.

मी सांगितलं. कुंडी, यंत्र, वस्ती, सहा माणसं, साहेबांनी दारात उभं राहून दिलेला शब्द, सात ओळी. "त्या मी टाइप केल्या," मी म्हटलं, "आणि खोट्या आहेत हे मला टाइप करतानाच माहीत होतं." इस्त्रीसाहेब मध्ये म्हणाले की एका कारकुनाच्या सांगण्यावर काय विश्वास ठेवायचा. अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"यांच्या फाइलीत वर्तणूक समाधानकारक लिहिलंय," त्या मला म्हणाल्या. "एवढी वर्षं. कोणी?"

"मी."

"सही?"

"त्या त्या वेळच्या प्रमुखांची."

"त्यांनी वाचलं होतं?"

"नाही."

त्यांनी काठीच्या टोकाची माती झटकली. "आम्ही सकाळपासून यांना काय काय येतं तेवढंच विचारत बसलो," त्या इतर दोघा सदस्यांना म्हणाल्या. "आकडे चुकणाऱ्याला दुरुस्त करणारे खाली दहा जण असतात. न प्यायलेला ग्लास पालथा घालणाऱ्याला खालचा माणूस कसा दुरुस्त करणार? त्याला तर फक्त ग्लास दिसतो."

प्रमुखपदी पंपांवरच्या बाईंची निवड झाली. बघून सांगते म्हणाल्या होत्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशी समितीला लेखी पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. जुनं प्रकरण पुन्हा उघडण्याबद्दल कायद्याचा सल्ला घेतला गेला. एवढ्या वर्षांनी पुरावा उभा राहत नाही, असं उत्तर आलं. म्हणजे इस्त्रीसाहेबांची नोकरी गेली नाही. ते उपप्रमुखच राहिले. भावावरचा ठपका मात्र काढला. नव्या प्रमुखांनी स्वतः सही करून तसं पत्र दिलं.

ते पत्र घेऊन ताई भावजयीकडे गेल्या. परत आल्यावर मी विचारलं.

"दार पूर्ण उघडलं या वेळी," त्या म्हणाल्या. "पत्र वाचलं. म्हणाली, हे घेऊन आता मी काय करू. मी म्हटलं, काही करू नकोस, फक्त ठेव. मग म्हणाली, तुमच्या भावाला शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं, तरी तो तुमच्यावर चिडलेला आहे हे कळायचं."

"मग?"

"मग काय. चहा दिला तिने. प्याले आणि उठले."

मला वाटलं, आता त्या थकतील. माणसाला हवं ते मिळालं की तो सैल पडतो. पण भावजयीच्या त्या वाक्याने त्यांच्यातली उरलीसुरली दया संपवली असावी. नव्या प्रमुखांनी पहिल्याच महिन्यात फर्मान काढलं की ग्लासाची पाळी उपप्रमुखांसकट सर्व अधिकाऱ्यांना लागू राहील. इस्त्रीसाहेबांच्या वाट्याला सोमवार आणि गुरुवारची सकाळ आली. ताईंनी त्या दोन्ही दिवसांची सुट्टी घेणं बंद केलं. मध्यंतरी अंगात ताप होता तेव्हाही आल्या.

पावणेसहाला त्या ट्रे घेऊन कठड्यावर हजर असतात. कुंडी त्यांनी स्वतः उचलून बागेत नेली आहे. साहेब येतात. आता सदऱ्याला घडी असते, पण ती कालची असते. ताई ग्लास देतात आणि हातभर अंतरावर उभ्या राहून बघतात. साहेब प्रत्येक वेळी पाण्याकडे बघतात, मग ताईंच्या बोटांकडे, आणि डोळे मिटून पितात. घोट घशात अडकतो, ते खोकतात. ताई म्हणतात, "सावकाश साहेब. पूर्ण संपवायचं असतं." शेवटचा थेंब गेल्याशिवाय त्या ग्लास परत घेत नाहीत. खाली जमलेली माणसं मान वर करून हे बघतात, आणि पाणी सुटल्यावर कोणीतरी हमखास शिट्टी वाजवतं. पाण्यात कधीच काही नसतं. साहेबांना ते पटलेलं नाही, आणि पटवून देण्याची ताईंना घाई नाही. प्रत्येक सोमवारी आणि गुरुवारी त्या माणसाला वाटतं की आज. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि बघायला म्हणून लवकर आलो आहे.

मागच्या आठवड्यात इस्त्रीसाहेबांचा बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. मुख्य कार्यालयात, कुठल्याही शाखेत, कमी पगारावरसुद्धा. कारण, पोटाचा विकार. सोबतच्या वैद्यकीय दाखल्यावर डॉक्टरांची सही होती, शिक्का होता, पण नोंदणी क्रमांक नव्हता. दुसऱ्या कोणाचा अर्ज असता तर मी फोन करून क्रमांक विचारला असता आणि पेनाने लिहून टाकला असता. मी अर्जावर "अपूर्ण, परत" असा शेरा मारला.

ताई रजेचं कार्ड द्यायला आल्या होत्या. त्यांनी समोरून उलटा दिसणारा कागद वाचला.

"पुन्हा पाठवेल तो," त्या म्हणाल्या.

"पाठवू दे. त्या अर्जाला बारा जोडपत्रं लागतात. मी एका वेळी एकच त्रुटी कळवतो."

त्यांनी मान डोलवली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्या मनातल्या मनात काहीतरी मोजत होत्या.

"त्याची तीन वर्षं बाकी आहेत," त्या म्हणाल्या. "माझी साडेतीन. तुम्ही मात्र पुढच्या वर्षी जाणार. तुमच्या जागी जो येईल, त्याला नीट शिकवून जा."